खालच्या गल्लीची हरकत

चरवाला मांडीइतक्या गाळात उभा राहून चर उपसत होता, तेव्हा त्याच्या सुनेने काठावर सायकल थांबवली आणि वरूनच सांगितलं, "बाबा, बशी निवासी होतेय. आज नोटीस लागली."

त्याने फावड्यातला गाळ तिच्या चाकापासून हातभर अंतरावर फेकला.

"बशीत कोण राहणार? बेडूक?"

"माणसं. बंगले होणार आहेत. हरकती द्यायला तीस दिवस दिलेत."

"नोटीस टाईप कोणी केली?"

"मीच. दुसरं कोण करणार तिथे? अध्यक्षांना सही येते तेवढी."

सून गावच्या समितीच्या कार्यालयात टंकलेखनाला होती. मुलगा मालगाडी हाकायचा, महिन्यातून चार दिवस घरी. घरात उरलेले तिघे म्हणजे हा, त्याची बायको आणि ही सून. बायकोच्या चार गाई होत्या आणि अख्ख्या गल्लीला दूध तिच्याकडूनच जायचं, म्हणून तिला सगळे काकू म्हणायचे. ह्याला मात्र गल्लीत कोणी काका म्हणत नसे. अठ्ठावीस वर्षं गावाचे चर खोदून, नाल्या उपसून आणि रस्त्याखालच्या मोऱ्या बसवून तो चरवाला झाला होता, आणि त्याचं तोंड असं होतं की त्याला नातं लावायला कोणी धजत नसे.

बशी म्हणजे खालच्या गल्लीच्या वरच्या अंगाला पसरलेली खोलगट जमीन. आठ महिने तिथे गवत. पावसाळ्यात टेकड्यांवरचं पाणी धावत खाली यायचं, बशीत शिरायचं, दोन दिवस तिथेच पडून राहायचं आणि मग दम खाऊन शहाण्यासारखं चरातून नदीला जायचं. चरवाल्याच्या मते सगळ्या गावात तेवढीच एक गोष्ट अक्कलहुशारीने चालत होती, कारण ती कोणी ठरवलेली नव्हती.

"कोण घेतंय?" त्याने विचारलं.

"बिल्डर आहे कोणी. परवा पाहणीला येणार आहेत."

"येऊ देत," चरवाला म्हणाला आणि पुन्हा वाकला. "मलाही गाढवं जवळून बघायला आवडतं."

पाहणी भर उन्हाळ्यात, दुपारी बाराला झाली. गाडीतून तिघे उतरले. अध्यक्ष, एक कोवळा अभियंता, आणि पांढरेशुभ्र बूट घातलेला बिल्डर. पाणथळ जमीन बघायला पांढरे बूट घालून येतो त्याच्याबद्दल चरवाल्याला आणखी काही जाणून घ्यायची गरज वाटली नाही. तो विजेच्या खांबाशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, हा डाग बघा. कसला आहे सांगा."

खांबावर छातीइतक्या उंचीला मातकट रेघ होती. अभियंत्याने डोळे बारीक केले.

"गंज असेल, काका."

"सिमेंटच्या खांबाला?"

बिल्डर हसला. अभियंत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने टाच आपटून पाहिली. ढेकूळ फुटलं, धूळ उडाली. "जमीन तर कोरडीठाक आहे."

"उन्हाळ्यात नदीही कोरडी असते. तिथेही बांधा बंगले."

"काका, आपण भराव घालणार आहोत. चार फूट. पाणी येणारच नाही इथे."

"मग कुठे जाईल?"

"खाली. वसाहतीच्या फाटकाला रस्ता होणार आहे, त्याच्याखालून मोरी देतोय ना. दीड फुटी पाईप. सगळं गणित केलंय."

चरवाल्याने आपल्या चराकडे हात केला. सात फूट रुंद, चार फूट खोल, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. "हा भरून वाहतो तेव्हा माझ्या गोठ्याच्या उंबऱ्याला पाणी लागतं. तेवढं पाणी दीड फुटात बसवणार कसं? घडी घालून?"

अभियंत्याने वही उघडली. "तुमचं शिक्षण किती झालंय?"

"सातवी."

अभियंत्याने मान हलवली, जणू गणिताचं उत्तर बरोबर आलं, आणि वही मिटली. तिघे गाडीकडे वळले. बुटांना धूळ लागली म्हणून बिल्डरने एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासला. पाहणी अकरा मिनिटांत आटोपली. अहवाल आठ पानांचा झाला.

घरी काकू गाईच्या कासेशी बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, धारेचा आवाज थांबू दिला नाही.

"हसलात का त्यांना?"

"हसण्यासारखेच आहेत."

"हसून झालं असेल तर पाय धुवा. अर्ज लिहायचाय."

अर्ज सुनेने लिहिला. सह्या काकूने गोळा केल्या. सकाळी दूध घालताना ती प्रत्येक दारात पाच मिनिटं जास्त थांबायची. कोणी म्हणे, बिल्डर डांबरी रस्ता देणार आहे म्हणतात. काकू म्हणे, देईल की, होडी बांधायला उपयोगी पडेल. चौतीस घरांपैकी एकोणतीस सह्या झाल्या. कार्यालयात अर्जावर शिक्का बसला: हरकत क्रमांक चौदा.

मग काकूने समितीतल्या माणसांचा हिशोब मांडला. समिती पाच जणांची. अध्यक्ष बिल्डरच्या गाडीत बसूनच आला होता, त्याचं सोडा. दुसरा खडीवाला. त्याची खाण होती, भराव त्याच्याच खाणीतून जाणार, तोही सोडा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई विरोधात होत्या, कारण त्यांनी बशीतलं पाणी शाळेच्या पायरीला लागलेलं पाहिलं होतं. औषधवालाही बाईंच्या बाजूने होता. राहिला पिठ्या.

पिठ्या म्हणजे गिरणीवाला. खालच्या गल्लीच्या टोकाला त्याची पिठाची गिरणी. डोक्यापासून चपलेपर्यंत बारा महिने पांढरा. गल्लीने त्याला निवडून दिलं ते तो कोणाला नाही म्हणत नाही म्हणून, आणि समितीतही तो कोणाला नाही म्हणत नसे.

"पिठ्याच्या हातात गल्ली द्यायची?" चरवाला म्हणाला. "त्याला गहू आणि मका एवढंच कळतं. तेही चाळणीला विचारून."

"त्याची गिरणी तुमच्या गोठ्यापेक्षा खाली आहे," काकू म्हणाली. "त्याला कळतं. बोलता येत नाही एवढंच. तुमचं नेमकं उलट आहे."

"माझं काय उलट आहे?"

"जेवा," काकू म्हणाली.

पंधरा दिवस ती दिवसाआड गिरणीवर गेली. पायलीभराच्या जागी शेर-शेर दळण न्यायची, म्हणजे पुन्हा जायला निमित्त. सुनावणीच्या सकाळी तिने नवऱ्याचा सदरा इस्त्री केला आणि बटणं लावता लावता बजावलं, "कागद वाचायचा. वाचून झाला की बसायचं. कोणी काही विचारलं तर लहान पोराला सांगतात तसं सांगायचं. आणि तोंडाला लगाम."

"मी काय घोडा आहे?"

"घोडा बरा. त्याला लगाम घालता येतो."

सभागृहात पंखे होते, पण फिरत होता तो अध्यक्षाच्या डोक्यावरचा. भिंतीवर रंगीत नकाशा लावला होता. बशी पिवळी रंगवली होती आणि चर कुठेच नव्हता. अठ्ठावीस वर्षं उपसलेला सात फुटी चर एका रंगीत पेन्सिलीने पुसून टाकला होता. सून कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसली होती. तिने सासऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि कागदावर डोळे खिळवले.

तेरा हरकती तासाभरात उरकल्या. चौदावी आली. चरवाल्याने कागद वाचला. चांगला वाचला. खांबावरची रेघ, चराची मापं, पाईपाचं माप, गल्लीची पातळी. बाई मान हलवत होत्या. अध्यक्ष मोबाईलमध्ये काहीतरी पुसत होता. कागद संपला. चरवाला बसणार, तोच पिठ्याने घसा साफ केला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज गिरणीच्या सवयीने गरजेपेक्षा मोठा यायचा. "पाईप टाकलाच समजा... तर पाणी पाईपातून जाईल ना? म्हणजे, अडचण काय येईल?"

चरवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. भुवयांत पीठ, कानात पीठ. आत्ताच वाचलेल्या कागदात हेच तर होतं. बारा वाजले होते, मानेवरून घाम वाहत होता, समोर चर नसलेला नकाशा होता, आणि ह्या माणसाच्या हातात सगळ्यांची घरं होती.

"अरे, तुझ्या टोपलीत दहा पायल्या धान्य ओतलं तर जात्यातून एकदम निघतं का?" तो म्हणाला. इथेच थांबला असता तर उत्तर उत्तम होतं. "एवढं साधं कळत नाही? सगळ्या अंगावर पीठ आहे ते ठीक. डोक्यातही तेच भरलंय का? गल्लीने एक माणूस पाठवायचा होता, पोतं पाठवलंय!"

सभागृह हसलं. मागच्या बाकावरची गल्लीची माणसंही हसली. सर्वांत मोठ्याने अध्यक्ष हसला, टेबलावर हात आपटून हसला. मोबाईल खाली ठेवून तो म्हणाला, "वा! पोतं!"

पिठ्या हसला नाही. त्याने समोरचा पाण्याचा पेला उचलला, प्याला नाही, परत ठेवला. पेल्यावर पांढरी बोटं उमटली.

मतं हात वर करून घेतली. विरोधात बाई आणि औषधवाला. बाजूने अध्यक्ष, खडीवाला, आणि शेवटी, कोणाकडेही न पाहता, पिठ्या.

घरी येईपर्यंत काकू दहा पावलं पुढे चालत होती. गोठ्यात शिरून तिने वैरणीची पेंढी सोडली आणि पाठमोरीच बोलली.

"तो प्रश्न मी त्याला दिला होता."

"कुठला?"

"पाईपाचा. म्हटलं, तुम्ही सभासद म्हणून विचारा. ह्यांना उत्तर द्यावं लागेल, सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात येईल, आणि मग तुम्हाला नाही म्हणायला कारण मिळेल. चारचौघांत बोलायला घाबरतो तो. पाच-सहा वेळा घोकून घेतला माझ्याकडून. गिरणी चालू असताना. पीठ नाकातोंडात जाऊन खोकला झालाय मला."

चरवाला गव्हाणीच्या कडेवर बसला.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, पिठ्याला काय शिकवायचं? त्याच्याशी दोन शब्द बोलायला तुम्हाला कमीपणा वाटतो. सगळ्यांशीच वाटतो." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि ते त्याला जास्त लागलं. "ते लोक पाणी कुठे जातं ते बघत नाहीत. तुम्ही शब्द कुठे जातो ते बघत नाही. डावं-उजवं काय करायचं त्यात?"

संध्याकाळी सून इतिवृत्ताची प्रत घेऊन आली. तिने चरवाल्याचं सगळं बोलणं लिहिलं होतं, मापांसकट, पोत्यासकट. अध्यक्षाने ते कापून एक ओळ ठेवली होती: *हरकत क्र. १४ वर चर्चा झाली. अर्जदाराची भाषा असभ्य असल्याने नोंद घेतली नाही.*

हिवाळ्यात भराव सुरू झाला. खडीवाल्याचे ट्रक सकाळी सहापासून गल्लीतून जायचे आणि भांडी फडताळावरून सरकायची. गल्लीच्या खिडक्यांतून पूर्वी गवत दिसायचं, आता मुरमाची कड दिसू लागली. कड वाढत वाढत खिडकीच्या वर गेली. तिच्यावर कुंपणाची भिंत चढली. गल्लीच्या खालच्या तोंडाशी, चर नदीकडे जायचा त्या वाटेवर आडवा, वसाहतीच्या फाटकाचा उंच रस्ता झाला. फाटकाशी फलक लागला. त्यावर कारंज्याचं चित्र होतं.

फेब्रुवारीत ठेकेदार दारात आला. मोरीचा पाईप बसवायचा होता. "तुझ्यासारखा उतार दुसऱ्या कोणाला साधत नाही म्हणतात."

"खरं म्हणतात. चालता हो."

ठेकेदार गेल्यावर काकू म्हणाली, "जा तुम्ही."

"ह्या हातांनी टाकू?"

"दुसरा कोणी टाकला तर उलटा उतार देईल. लहान आहे तो आहे, निदान सरळ तरी असू दे."

गेल्या उन्हाळ्यात त्याने ह्यावर दहा वाक्यं ऐकवली असती. आता त्याने उतार मोजायची पाणसळ पुसून घेतली, दोरी, पहार घेतली आणि गेला. पहिल्याच दिवशी ठेकेदाराला म्हणाला, दोन पाईप टाक, शेजारी शेजारी, खड्डा मी फुकट वाढवून देतो. ठेकेदार म्हणाला, नकाशात एकच आहे. चरवाला म्हणाला, नकाशाला पूर येत नाही. ठेकेदार म्हणाला, म्हणूनच तर एक आहे.

सहा दिवस खपून त्याने तो पाईप असा बसवला की आत गोटी सोडली असती तर न थांबता नदीकडे गेली असती. काम उत्कृष्ट झालं. काम करताना त्याला स्वतःच्या हातांची किळस येत होती.

पावसाळा लागून तीन आठवडे झाले आणि एका रात्रीपासून पाऊस जो धरला तो दुसऱ्या सकाळीही खळला नाही. नऊच्या सुमारास टेकड्यांचं पाणी उतरलं. बशीकडे आलं, बशी जागेवर नव्हती. कुंपणाच्या भिंतीला घासत, वाट शोधत ते गल्लीच्या वरच्या तोंडाने आत घुसलं. घाईत नव्हतं. एकेका उंबऱ्याशी थांबून आत बघत होतं आणि शिरत होतं. पाऊण तासात गोठ्यात गाईंच्या पोटाला पाणी लागलं.

काकूने दावी कापली आणि गाई हाकत गल्लीच्या तोंडाशी आणल्या. कोरडी जागा एकच होती, फाटकाचा रस्ता. पहारेकरी छत्री घेऊन पुढे आला.

"जनावरांना मनाई आहे. नियम आहे."

"मग तू खाली उतर," काकू म्हणाली. "ह्यांना उभं राहायला जागा होईल."

गाई चढल्या. पहारेकऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा चार.

चरवाला तोवर पाईपाच्या तोंडाशी गळ्याइतक्या पाण्यात होता. पायाने चाचपून त्याने तोंड शोधलं, बुडी मारली, हाताला लागेल ते ओढलं. पिशव्या, फांदी, कोणाची तरी चटई. पाईप मोकळा झाला, घटाघटा पाणी ओढू लागला आणि तरी पाण्याची पातळी बोटभर हलली नाही. दीड फुटात जेवढं बसतं तेवढंच जात होतं. त्याचं काम चोख होतं. तो वर आला, ओकला, आणि रस्त्यावर चढून टिकाव मागितला.

गल्लीतले दहा-बारा जण जमले होते. सुनेच्या मोबाईलवर अध्यक्ष होता. तिने आवाज मोठा केला. "रस्त्याला कोणी हात लावायचा नाही. सरकारी मालमत्ता आहे. अभियंता साहेब पाहणीला निघालेत."

"कधी पोचणार?" सुनेने विचारलं.

"पाणी उतरलं की."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. टिकाव ज्याच्या हातात होता त्याने तो खाली ठेवला. तेवढ्यात पिठ्या गल्लीतून चालत आला. पाणी त्याच्या काखेला होतं. अंगावरच्या पिठाची भिजून कणीक झाली होती, केसांतून ओघळत होती. गिरणीची मोटर गेली होती, लोकांची चाळीस पोती बुडाली होती. तो रस्त्यावर चढला, सुनेच्या हातातून मोबाईल घेतला आणि आपल्या त्या अवाढव्य आवाजात म्हणाला, "मी समितीचा सभासद बोलतोय. रस्ता फोडायला मी सांगितलंय. लिहून घ्या." आणि मोबाईल परत दिला. चरवाल्याकडे त्याने पाहिलंही नाही.

चरवाल्याने पहिला घाव घातला. डांबर पातळ होतं, खाली खडी, खडीखाली नुसता मुरूम. तासाभरात आठ फुटांची खाच पडली आणि पाणी तिच्यात असं घुसलं की दोघांना हाताला धरून मागे ओढावं लागलं. दुपारी दोनपर्यंत गल्लीत घोट्याइतकं उरलं. वसाहतीतली माणसं गच्चीवर उभी राहून आपला रस्ता वाहून जाताना मोबाईलवर टिपत होती.

चार दिवसांनी साहेब पाहणीला आले. अहवाल ह्या वेळी बारा पानांचा होता. त्यात लिहिलं होतं की स्थानिक मजुराने पाईप चुकीच्या उतारात बसवल्यामुळे पाणी तुंबले. सुनेने तो घरी वाचून दाखवला. तिला वाटलं सासरा आता घर डोक्यावर घेणार. तो म्हणाला, "तेवढं एक वाक्य पुन्हा वाच." तिने वाचलं. तो उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ शेणाने भरलेल्या नालीत पाणी ओतत राहिला.

रस्ता फोडल्याची नोटीस फक्त त्याच्या नावाने आली होती. समितीत पिठ्याने उभं राहून सांगितलं की हुकूम माझा होता. नोटीस मागे घ्यावी लागली. मग मोरीचा ठराव आला: रस्ता पूर्ववत करावा, पाईप तोच, माप तेच. ह्या वेळी बाई विरोधात होत्या आणि पिठ्याही. पण औषधवाल्याने वसाहतीत कोपऱ्यावरचा बंगला घेतला होता आणि त्याला दुकानात जायला रस्ता लवकर हवा होता. पुन्हा तीन विरुद्ध दोन. बैल बदलले, औत तेच.

"आता?" सुनेने विचारलं.

काकू भिंतीवरची चिखलाची रेघ फडक्याने पुसत होती. "गल्लीच्या मागून चर नेता येईल का हो?" तिने नवऱ्याला विचारलं. "आपल्याच जागेतून. कोणाची परवानगी नको."

त्याने त्यावर आधीच विचार केला होता. दोन रात्री झोप नव्हती त्यापायी. "जमीन उंच आहे. छातीइतकं खोल जावं लागेल. गल्लीतली वीस माणसं, दीड महिना. गोठा पाडावा लागेल."

काकूचं फडकं थांबलं. गोठा तिने स्वतः बांधून घेतला होता, विटेला वीट जोडून, सोळा वर्षांपूर्वी.

"दोन गाई ठेवू," ती शेवटी म्हणाली. "दोन माझ्या बहिणीकडे जातील. पुढे?"

"पुढे गिरणीचं आवार. त्याची मागची भिंत पाडल्याशिवाय नदीला पोचत नाही."

"मग जाऊन विचारा."

"तू विचार. तुझं ऐकतो तो."

"पोतं मी म्हटलं नव्हतं," काकू म्हणाली.

गिरणी दोन दिवसांपूर्वीच पुन्हा सुरू झाली होती. सकाळची वेळ, दारात डबे घेऊन सात-आठ बायका-पुरुष रांगेत. पट्टा फटफटत होता. पिठ्या टोपलीशी उभा राहून पिठात बोटं फिरवत होता. चरवाला दारात आला तशा रांगेतल्या माना वळल्या. तो रांगेला वळसा घालून पुढे जाणार होता. मग तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

रांग सरकायला अर्धा तास लागला. त्याच्या हातात डबा नव्हता. त्याची पाळी आली तेव्हा पिठ्याने सवयीने हात पुढे केला, रिकामा हात पाहिला, आणि मागे घेतला.

"चर न्यायचाय," चरवाला म्हणाला. "तुझ्या आवारातून."

पिठ्याने कानामागे हात नेला. गिरणी घरघरत होती.

"तुझ्या आवारातून चर न्यायचाय!"

"काय?"

गिरणी बंद करायला बटण त्याच्या कोपराशी होतं. त्याने ते दाबलं नाही. मागे आणखी चार जण येऊन उभे राहिले होते.

चरवाल्याने श्वास घेतला. नाकात पीठ गेलं. "तुझी मागची भिंत पाडावी लागेल!" तो ओरडला. "माझा गोठाही पाडतोय! पाणी नदीला काढायचंय! तू हो म्हणालास तरच होईल! आणि त्या दिवशी मी बोललो ते चुकलं! चारचौघांत बोललो, चारचौघांत सांगतो! चुकलं!"

शेवटचा शब्द गिरणीच्या आवाजावर चढून रस्त्यापर्यंत गेला. त्याचा घसा खरवडला होता. एक म्हातारी डबा छातीशी धरून टक लावून पाहत होती.

पिठ्याने टोपलीतलं धान्य संपेपर्यंत गिरणी चालू ठेवली. पीठ डब्यात भरलं, झाकण घट्ट बसवलं, डबा ज्याचा त्याला दिला. मग बटण दाबलं. पट्टा ढिला होत होत थांबला.

"ऐकू पहिल्यांदाच आलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

पिठ्या मागच्या दाराने आवारात गेला. चरवाला त्याच्या मागे. पावसाने काळी पडलेली, पुरुषभर उंचीची विटांची भिंत होती. पलीकडे नदीचा उतार. पिठ्याने भिंतीवर हात ठेवला.

"कुठून?"

चरवाल्याने जागा दाखवली. मग आपणहून, कोणी न विचारता, सांगू लागला. पाणी कुठून येईल, किती येईल, इथे वळण का द्यायचं, गिरणीच्या पायाला धक्का लागू नये म्हणून चर किती लांबून न्यायचा. हळूहळू सांगत होता, मध्येच थांबून पिठ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. पिठ्याने दोनदा अडवून विचारलं. दुसरा प्रश्न ऐकून चरवाला वळणाच्या जागी जाऊन वाकून बघू लागला. गिरणीच्या सांडपाण्याची नाली त्याच वळणावर येऊन मिळत होती, आणि ती त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

"दोन हात पुढे घ्यावं लागेल," तो म्हणाला.

"घे मग," पिठ्या म्हणाला. "भिंत आजच पाड. उद्या माझा विचार बदलेल. आणि विटा फोडू नकोस. एकेक काढ."

तो आत गेला. गिरणी पुन्हा सुरू झाली. चरवाला घरी जाऊन पहार आणि छिन्नी घेऊन आला, आवारातल्या एका पेटीवर चढला, आणि वरच्या थरातली पहिली वीट चुन्यातून हलवून मोकळी करायला लागला.